पालघर व्हाया बोरिवली

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मायनर लीग नावाचा प्रकार असतो. पोरं आधी लहान गावांच्या टीमकडून खेळतात, बसने हिंडतात आणि नशीब उघडलं तर मेजर लीगमध्ये जातात. फॉर्म गेला की पुन्हा खाली! हे वाचलं तेव्हा मला एकच नाव आठवलं. आपला शार्दूल ठाकूर.

'आपला' अशासाठी की 2014 साली पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत तेही आमच्या भिवंडीसारखंच ठाणे जिल्ह्यात होतं. टीव्हीवर 'मुंबईचा शार्दूल' म्हणाले की आमच्या रूममध्ये बोंब होते, "अरे, पालघरचा!" तुम्ही म्हणाल, मुंबईच ती. मग एकदा किटबॅग घेऊन भिवंडीहून सकाळी आठला मुंबईच्या मैदानावर पोचून दाखवा. आधी रिक्षाने कल्याण, मग लोकल, आणि डब्यात शिरलात की अख्खी पब्लिक त्या किटकडे खुन्नसने बघते.

शार्दूलचं तेच, फक्त वेस्टर्नला. त्याच्या शाळेच्या दिवसांत पालघरला लोकलसुद्धा नव्हती, ती 2013 मध्ये आली. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे कोच दिनेश लाड (रोहित शर्माचे कोचही तेच) यांनी त्याला आपल्या शाळेत आणलं आणि रोजचा प्रवास नको म्हणून चक्क स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. मग त्या शाळेकडून खेळताना पठ्ठ्याने हॅरिस शील्डमध्ये एका ओव्हरला सहा सिक्स मारले. सगळे सिक्सबद्दल बोलतात. मला मात्र ते घर जास्त मोठं वाटतं.

बरं, पुढे सगळं सुरळीत? छे! नोव्हेंबर 2012 मध्ये रणजी मिळाली. पहिल्या चार मॅचमध्ये विकेट चार, अ‍ॅव्हरेज 82. आपल्या एम-थ्रीच्या निकालासारखंच! पण 2014-15 च्या सीझनमध्ये 48 विकेट घेतल्या. फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्यातल्या फायनलला सौराष्ट्राच्या दुसऱ्या डावात पाच. ऑक्टोबर 2018 मध्ये हैदराबादला पहिली टेस्ट, आणि दहा बॉल टाकून जांघेत दुखापत. फक्त दहा! पुढच्या टेस्टसाठी सव्वादोन वर्षं थांबला. ती जानेवारी 2021 मधली ब्रिस्बेनची. आपण 6 बाद 186. याने कमिन्सला सिक्स मारून खातं उघडलं, 67 केले आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 जोडले. वर दोन्ही डावांत मिळून सात विकेट.

आणि तरीही नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. जानेवारीत हा रणजीत जम्मू-काश्मीरविरुद्ध 119 करतोय! मुंबई ती मॅच हरली, ते सोडा. मार्चमध्ये लखनौने बोलावलं, जूनमध्ये लीड्सला पुन्हा टेस्ट. याला शिडी चढणं कसं म्हणायचं? हे तर विरार लोकलसारखं झालं. उतरलात की परत धक्के खात चढायचं.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या विंगमधला एक मित्र. तोही भिवंडीचाच, मीडियम पेसर. वडील पॉवरलूमवर, बारा तासांची पाळी. अंडर-16 च्या निवडीला दोनदा जाऊन आला. बारावीला घरून स्पष्ट सांगितलं, क्रिकेट नाहीतर इंजिनीअरिंग, दोन्हीचा खर्च झेपणार नाही. त्याला बोरिवलीत घर देणारं कुणी भेटलं नाही. तो कधी कुरकुर करत नाही, पण रात्री सबमिशन लिहिता लिहिता रणजीचे स्कोअर बघतो आणि कोण कुठल्या गावचा ते आम्हाला सांगत बसतो.

गेल्या आठवड्यात जिमखान्याच्या बोर्डावर कॉलेज टीमच्या निवडीची यादी लागली. तिसरं नाव त्याचं. स्वतःच जाऊन लिहून आला, आम्हाला पत्ताच नाही! बॉल आहे, बूट सीनियरचे मिळाले, पॅड मात्र नाहीत. कुणाकडे जुने पडून असतील तर रात्री मेसमध्ये मला गाठा. फक्त त्याच्यासमोर नको, तो लगेच नाही म्हणेल.