शेगडी निवली

मुंबई-पुण्याच्या चाळींतून कोळशाची शेगडी गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. जाण्याची तारीख कुठे नोंदलेली नाही. एका बिऱ्हाडात गॅस आला, मग शेजारच्या बिऱ्हाडात आला, आणि हळूहळू गॅलरीतली तिची जागा मोकळी झाली. बाळंतपणाला लागेल म्हणून ती काही काळ माळ्यावर राहिली, पुढे भंगारात गेली. घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं तिचंही दोन शब्दांनी स्मरण करणं राहून गेलं होतं.

तिचं घडणं साधं होतं. जुनी बादली किंवा पत्र्याचा डबा, मधे लोखंडी जाळी, खाली राख काढायला आणि हवा घ्यायला तोंड, वर भांडं टेकायला तीन उंचवटे. आतून मातीचा जाड लेप. हा लेप बहुधा घरातली बाईच द्यायची आणि तडकला की पुन्हा तीच लिंपायची. कोळसा वखारीतून यायचा. लाकडं रचून, पाल्यामातीनं झाकून, बेताच्या हवेत दिवसचे दिवस धुमसत ठेवायची आणि मग कोळसा काढायचा, हे लोणाऱ्यांचं पिढीजात काम. रायगडच्या बाजूच्या कातकरी कुटुंबांनीही कोळशाच्या भट्ट्यांवर आयुष्यं घालवली. पोतं पाठीवर घेऊन जिने चढणारा हमाल त्यांच्यानंतरचा.

शेगडी पेटवणं ही विद्याच होती, पण ती कुणी विद्या म्हणून शिकवली नाही. आधी जाळी झाडून राख मोकळी करायची, कारण खालून वारा लागला नाही तर वरची सगळी मेहनत फुकट. मग नारळाची शेंडी किंवा रॉकेलचा बोळा, त्यावर करवंटीचे तुकडे आणि लाकडाच्या ढलप्या, त्यावर सुपारीएवढे कोळसे आणि सर्वांत वर मोठे. दाटी करायची नाही, फटी राखायच्या. काडी खालून लावायची. पहिला धूर दाट असतो, म्हणून शेगडी गॅलरीत, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवायची. पुठ्ठ्यानं वारा घालायचा तो खालच्या तोंडाशी, एका लयीत. घाई असेल तर दोन्हीकडून उघडं असलेलं पत्र्याचं नळकांडं वर उभं करायचं. गरम हवा त्यातून वर चढते आणि खालून ताजी हवा आपसूक ओढली जाते. कोळशावर राखेची पांढुरकी साय धरली, आत लाली फुलली आणि धूर थांबला, की शेगडी घरात घ्यायची. तेव्हाही खिडकी उघडीच ठेवायची, कारण कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. याहून सोपी रीत एकच होती, ती म्हणजे शेजारीण. तिची शेगडी आधी फुललेली असली, तर चिमट्यानं दोन निखारे मागून आणायचे.

तिची सेवा पहाटेपासून सुरू व्हायची. पहिल्या पाळीच्या गिरणी कामगाराची भाकरी तिच्या निखाऱ्यावर फुगली, भरताचं वांगं तिच्यात भाजलं. रात्री राखेखाली झाकलेल्या विस्तवावर दूध मंद तापत राहायचं आणि सकाळी त्यावर जाड साय असायची. बाळंतिणीला शेक आणि बाळाला ओव्या-शेपांची धुरी तिनंच दिली. तिचे निखारे इस्त्रीत गेले आणि राख भांडी घासायला. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांनी शेगडी आणि स्टोव्हच्या धगीशी बसून शेकडो कामगारांना जेवू घातलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते अशाच बायांना घेऊन.

तिचा उतारही शांतपणे झाला. रॉकेलच्या स्टोव्हनं तिचं अर्धं काम आधीच आपल्याकडे घेतलं होतं. १९५० च्या दशकात मुंबईत बर्मा शेलचा गॅस आला, १९६५ मध्ये इंडेन आला, आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेपर्यंत सिलिंडर दूरच्या खेड्यांतही पोचू लागला. यात कुणी तिला घालवलं असं म्हणता येत नाही. तिच्या धुरानं अनेकींचे डोळे चुरचुरले, अनेकींची छाती भरली. त्या हातांना उसंत मिळायला हवीच होती आणि ती शेगडी थांबल्यावरच मिळाली.

तिच्या पश्चात चौपाटीवरच्या कणीसवाल्याची शेगडी, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे निखारे आणि हॉटेलातला तंदूर असा परिवार आहे. तिला रोज पेटवणाऱ्या बायांपैकी एकीनंही तिला परत बोलावलं नसतं. तिचे उपकार मात्र एकीनंही नाकारले नसते. म्हणून हा निरोप शेगडीचा आहे, आणि अंधारात उठून तिच्या तोंडाशी पुठ्ठा हलवणाऱ्या हातांना नमस्कार आहे.