खंदकांतलें घर

बर्मिंगहॅमहून मोटारीनें निघालें म्हणजे तासाभराच्या आंत वॉरिकशायर परगण्यांतील बॅडस्ली क्लिंटन हें जुनें घर लागतें. चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं असतां त्यांच्या आग्रहानें आम्हीं उभयतांनीं तें पाहिलें. सभोंवार पाण्यानें भरलेला खंदक, त्यावर पूल, आणि मध्यें करड्या दगडाची वास्तु. देखावा खरोखरच रम्य. परंतु आमचें पाऊल थबकलें तें शोभेच्या स्थळीं नव्हे. घराच्या तळाशीं एक अरुंद दगडी गटार आहे. तेथें एकदां माणसें लपलीं होतीं.

त्या काळीं एलिझाबेथ राणीचा अंमल होता, आणि रोमच्या पोपास मानणारा कॅथॉलिक पंथ इंग्लंडांत निषिद्ध ठरला होता. १५७० त पोपनें राणीस बहिष्कृत केल्यापासून दरबारास प्रत्येक पाद्री हेर वाटूं लागला. १५८५ च्या कायद्यानें परदेशीं दीक्षा घेऊन आलेला पाद्री राजद्रोही ठरला, आणि त्यास आसरा देणारा गृहस्थही देहान्त शिक्षेस पात्र झाला. तरीही पाद्री वेष पालटून येत, आणि पहाटे दारें लावून उपासना चालवीत.

अ‍ॅन वॉक्स व तिची विधवा बहीण एलिनॉर या दोघींनीं हें घर त्यांच्यासाठीं भाड्यानें घेतलें होतें. १५९१ च्या ऑक्टोबरांत एका पहाटे सरकारी माणसें दाराशीं आलीं. नोकरांनीं त्यांस बाहेर थोपवून धरलें. आंत पूजेचें साहित्य दडविलें गेलें. आणि अंथरुणें अजून ऊबदार होतीं म्हणून गाद्या उलथून थंड बाजू वर करण्यांत आली! गार्नेट, जेरार्ड, साउथवेल इत्यादि मंडळी गटारांत उतरली, आणि सुमारें चार तास पाण्यांत पाय ठेवून निमूट उभी राहिली. झडती निष्फळ झाली. पुढें साउथवेल १५९५ त व गार्नेट १६०६ त फांसावर गेले. जेरार्ड मात्र १५९७ त लंडनच्या टॉवरमधून निसटला.

असलीं लपण्याचीं स्थळें रचणारा मुख्य कारागीर निकोलस ओवेन हा ऑक्सफर्डचा एक ठेंगणा सुतार होता. भिंतींत, जिन्याखालीं, धुराड्यालगत त्यानें सुमारें अठरा वर्षें पोकळ्या कोरल्या. १६०६ त तो पकडला गेला आणि टॉवरमध्यें यातनांनीं मेला. परंतु त्यानें एकाही घराचें गुपित सांगितलें नाहीं. रोमनें त्यास १९७० त संतपद दिलें.

हें ऐकत असतां आमचें मन गोमंतकाकडे ओढलें जात होतें. आमचें कुलदैवत श्रीमंगेश. पोर्तुगीजांच्या भयानें १५६० त भक्तांनीं तें साष्टींतील कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळास नेलें. तो मुलूख आदिलशहाचा, म्हणून तेथें देव सुरक्षित राहिला. मागें उरलेलीं साष्टींतील देवळें १५६७ त पाडलीं गेलीं. आणि १५७९ त इंग्लंडांतच जन्मलेले एक जेझुइट गोव्यास आले, ते म्हणजे आपणां सर्वांस ठाऊक असलेले फादर स्टीफन्स. त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ त छापलें गेलें. मायदेशीं जाऊन त्यांनीं धर्मकार्य केलें असतें, तर त्यांसही अशाच एखाद्या गटाराचा आश्रय करावा लागता. साष्टींत मात्र ते देवळें पाडणाऱ्या सत्तेच्या छत्राखालीं वावरले. एकच पंथ येथें गाद्यांखालची ऊब लपवीत होता, आणि तेथें दुसऱ्यास रातोरात देव उचलावयास लावीत होता.

खरें सांगावयाचें तर मनांत जुना राग घेऊनच आम्हीं तेथें उभे होतों. इतक्यांत सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “आपले देव नदीपार नेले, त्या रात्रीं घर राखायला मागें कोण राहिलं असेल हो?” आम्हीं आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलें, पोथ्या चाळल्या, परंतु हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नव्हता. देव कोणीं नेला हें सांगतात. दाराशीं आलेल्या शिपायांस कोणीं थोपविलें, हें कोणी सांगत नाहीं. तें बहुधा घरांतल्या बायका-नोकरांचेंच काम असावें.

बिऱ्हाडीं परतल्यावर सायंकाळीं श्रीमंगेशाच्या तसबिरीपुढें हात जोडले, तेव्हां त्या दोघी बहिणींचें व ओवेन सुताराचेंही स्मरण झालें, हें येथें नमूद करतों.