परसातली सूर्यफुलं

आमच्या न्हावऱ्याला जिकडं पाहावं तिकडं ऊस. घरामागं न्हाणीच्या सांडपाण्यावर मी भोपळा, काकडी, कारल्याचे वेल अन् चार वांगी लावते. वेल माजायचे, फुलायचे, पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं.

एका पावसाळ्यात कुंपणाकडेनं मूठभर सूर्यफूल टोबलं. आत्याबाई म्हणाल्या, "फुलं काय शिजवून खायची आहेत?" दोन महिन्यांत उगवतीकडं तोंड करून ताटाएवढी फुलं उभी राहिली. सकाळी त्यांवर मधमाश्यांची झुंबड, अन् तिथून त्या वेलांवर जायच्या. भोपळ्याची नर अन् मादी फुलं वेगळी. पराग माशीनंच न्यायचा. त्या साली भोपळे शेजारीपाजारी वाटले.

पुढच्या साली वांग्यावर मावा पडला. मी सकाळी नऊच्या सुमारास औषध मारलं. वाऱ्यानं ते सूर्यफुलांवर गेलं. दुपारी झाडांखाली माश्यांचा सडा पडला होता. आत्याबाईंनी त्या सुपात गोळा केल्या. शब्दानंही बोलल्या नाहीत. भोपळा पुन्हा गळू लागला, अन् सूर्यफुलंही मधोमध पोचट निघाली.

भगिनींनो, ही चूक तुम्ही करू नका. आता मी पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारते, तेही दिवस मावळताना. माश्या कमी दिसल्या तर फुलोऱ्यात एक दिवसाआड सकाळी हाताला तलम फडकं गुंडाळून एकेका फुलावरून हलकेच फिरवते. त्यानं दाणा भरतो.

सूर्यफूल मूळचं अमेरिकेचं. आपल्याकडं तेलाचं पीक म्हणून ते १९६९ नंतर रशियातून आलेल्या बियाण्यानं रुजलं. परसातल्या दहा झाडांतून तेलाचा डबा भरत नाही, हे खरं. पण दाणे भाजून पोरं खातात, कोंबड्या टिपतात, वाळलेली ताटं चुलीला होतात. फुलाची पाठ पिवळी पडली की जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायचा, नाहीतर राघू दाणा ठेवत नाहीत.

आता सगळ्यांत मोठं फूल आत्याबाईच बियाणाला राखतात. एक मात्र उघडंच ठेवायला सांगतात. म्हणतात, "राघूंचा वाटा आहे तो."