हक्क राज्याचा आणि राज्यातल्या माणसाचा

मुख्याध्यापकाच्या वाट्याला स्वतःचे तास थोडे आणि बदली तास फार. गेल्या पावसाळ्यात असाच दहावीच्या वर्गावर नागरिकशास्त्राचा एक बदली तास घ्यावा लागला. विषय संघराज्याचा होता. केंद्राचे अधिकार कोणते, घटकराज्यांचे कोणते, हे फळ्यावर दोन रकान्यांत मांडून झाले, तोवर मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या होत्या. अशा वेळी मी नेहमी करतो तेच केले, अमेरिकेकडे वळलो. तेथे राज्ये आधी आणि संघराज्य मागाहून, म्हणून राज्ये आपल्या हक्कांबाबत हळवी. या हक्कांपायीच १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी झाली आणि सहा लाखांहून अधिक माणसे मेली, असे सांगितले. मुले सावरून बसली. मेलेल्यांचा आकडा ऐकला की इतिहासात रस येतो, हा माझा जुना अनुभव आहे.

तास संपता संपता खिडकीजवळची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, राज्याला केंद्राविरुद्ध हक्क असतो. मग राज्यातल्या थोड्या लोकांना राज्याविरुद्ध हक्क असतो का?"

घंटा झाली म्हणून बरे. "पुढच्या तासाला सांगतो हं," असे म्हणून मी सुटका करून घेतली. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही पाठ सोडीना. आमच्या सीमाभागातल्या मुलीने हा प्रश्न का विचारला, हे मला कळत होते. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि बसच्या पाटीवर तिसरी असलेल्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला तो सुचणारच. मला खटकले ते माझे स्वतःचेच वाक्य. 'राज्यांच्या हक्कांपायी यादवी झाली' हे मी तीस वर्षे वर्गात म्हणत आलो होतो. ते कितपत खरे होते?

एम.ए.ला असताना अमेरिकेच्या इतिहासाची एक प्रश्नपत्रिका आम्हांला होती. थॉमस जेफरसनवर माझा तेव्हा फार जीव. १७९८ साली केंद्र सरकारने सरकारवरची टीका गुन्हा ठरविणारा कायदा केला, तेव्हा जेफरसन आणि मॅडिसन यांनी केंटकी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या विधिमंडळांसाठी ठराव लिहून दिले. केंद्राने घटनेबाहेर पाऊल टाकले तर राज्यांनी ते मानू नये, असा त्यांचा आशय. दिल्लीपुढे आपले कुणी ऐकत नाही, अशी भावना घेऊन वाढलेल्या तरुणाला ते ठराव म्हणजे आपलीच कैफियत वाटावी, यात नवल नाही. राज्यांचे हक्क म्हणजे दुबळ्याचे बलवानापुढचे गाऱ्हाणे, असे समीकरण माझ्या मनात तेव्हाच पक्के झाले आणि पुढे ते तपासावेसे कधी वाटलेच नाही.

त्या रात्री जुन्या वह्या आणि चार पुस्तके काढून बसलो. पहिला धक्का जेफरसननेच दिला. हाच गृहस्थ अध्यक्ष झाल्यावर १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतो. असा मुलूख घेण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिलेला नाही, अशी शंका त्याला स्वतःलाच होती. तरी त्याने व्यवहार केला. मग ओरड केली ती ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या राज्यांनी. कालपर्यंत हीच मंडळी बलवान केंद्राची पुरस्कर्ती होती. पुढे इंग्लंडशी युद्ध जुंपले, व्यापार बुडाला आणि १८१४ च्या डिसेंबरात हार्टफर्ड येथे जमून ती राज्यांच्या हक्कांची भाषा बोलू लागली. दक्षिण कॅरोलिनाचा जॉन कॅल्हून १८१६ साली संरक्षक जकातीचा आणि केंद्राने बांधलेल्या रस्त्यांचा कैवारी होता. बारा वर्षांनी, उपाध्यक्षपदावर असताना, त्यानेच निनावी निबंध लिहून राज्याला केंद्राचा कायदा रद्दबातल ठरविता येतो असा सिद्धान्त मांडला. कारण जकातीचा चटका आता त्याच्या राज्याला बसू लागला होता. खुर्चीत बसले की केंद्र प्रिय, खुर्ची गेली की राज्य प्रिय, असा हा खेळ दिसतो.

पण केवळ खुर्चीचीच गोष्ट असती तर हसून सोडून दिली असती. १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा वाचला आणि हसू मावळले. दक्षिणेतल्या गुलाममालकांच्या आग्रहावरून केंद्राने केलेला हा कायदा. उत्तरेत पळून आलेल्या काळ्या माणसाला पकडून परत धाडायचे. त्याला स्वतःच्या बाजूने साक्षसुद्धा देता यायची नाही. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला मालकाच्या हवाली केले तर दहा डॉलर फी, सोडून दिले तर पाच! या कायद्याला अडविण्यासाठी 'राज्याचा हक्क' पुढे केला तो उत्तरेतल्या राज्यांनी. १८५४ साली विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत जोशुआ ग्लोव्हर नावाच्या गुलामाला जमावाने तुरुंग फोडून सोडविले आणि त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरविला. १८५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, तेव्हा समाधान वाटले ते दक्षिणेला!

आता १८६० च्या डिसेंबरात दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाली, त्या वेळचे तिचे जाहीर निवेदन पाहा. तक्रार कसली? उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत, केंद्राचा कायदा आपापल्या कायद्यांनी निकामी करतात, ही. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हेच तिचे दुःख. पुढे दक्षिणेने स्वतःची घटना केली, तीत माणसाची गुलामावरची मालकी मोडणाऱ्या कायद्याला बंदी घातली. आणि अमेरिकेत सक्तीची लष्करभरती पहिल्यांदा आणली तीही १८६२ साली दक्षिणेच्या केंद्र सरकारनेच. माझे तीस वर्षांचे वाक्य अर्धवट होते. यादवी झाली ती गुलामगिरीपायी. 'राज्याचा हक्क' हे तिच्यावर पांघरलेले वस्त्र होते.

पण मुलीचा प्रश्न अजून तसाच होता. राज्यातल्या थोड्यांचे काय? त्याचे उत्तर मला व्हर्जिनियात सापडले, आणि ते वाचताना झोप पार उडाली.

व्हर्जिनिया राज्याच्या मधून डोंगररांगा जातात. पूर्वेला तंबाखूचे मळे, गुलाम आणि राजधानी रिचमंड. पश्चिमेला डोंगराळ मुलूख, लहान शेतकरी, गुलाम थोडे. पश्चिमेच्या तक्रारी जुन्या होत्या. रस्ते आणि कालवे पूर्वेला, विधिमंडळात वजन पूर्वेचे आणि गुलामांवरच्या करात सवलत, तीही पूर्वेच्या सोयीची. १७ एप्रिल १८६१ रोजी रिचमंडच्या परिषदेने ८८ विरुद्ध ५५ मतांनी फुटून निघण्याचा ठराव केला. पश्चिमेचे बहुतेक प्रतिनिधी विरोधात होते. ते परत गेले आणि व्हीलिंग या गावी जमून म्हणाले, व्हर्जिनियाला संघराज्य सोडता येते, तर आम्हांला व्हर्जिनिया का सोडता येऊ नये?

अडचण घटनेची होती. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे एखाद्या राज्याचा तुकडा काढून नवे राज्य करायचे तर मूळ राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. मग व्हीलिंगच्या मंडळींनी 'आम्हीच खरे व्हर्जिनिया सरकार' असे जाहीर केले, फ्रान्सिस पियरपॉन्ट यांना गव्हर्नर नेमले आणि मे १८६२ मध्ये या सरकारच्या विधिमंडळाने आपल्याच राज्याच्या फाळणीला संमती दिली. लिंकनने मंत्र्यांचा लेखी सल्ला मागितला. सहा जणांत तीन अनुकूल, तीन प्रतिकूल. घटनेविरुद्ध फुटणे आणि घटनेच्या बाजूने फुटणे यांत फरक आहे, असा विचार करून त्याने १८६२ च्या शेवटच्या दिवशी सही केली. २० जून १८६३ रोजी पश्चिम व्हर्जिनिया हे राज्य झाले.

येथे टाळी वाजवून थांबावे, असा मोह होतो. पण नव्या राज्यात ओढल्या गेलेल्या अनेक काउंट्यांनी, म्हणजे आपल्या तालुक्यांसारख्या विभागांनी, दक्षिणेबरोबर जाण्याच्या बाजूने कौल दिला होता. त्यांना कुणी विचारले? बर्कली आणि जेफरसन या दोन काउंट्यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जॉन ब्राउनने गुलामांच्या मुक्ततेसाठी जेथे १८५९ साली शस्त्रागारावर छापा घातला, ते हार्पर्स फेरी हे गाव याच जेफरसन काउंटीतले. बॉल्टिमोर आणि ओहायो रेल्वे येथूनच जात होती, म्हणून केंद्राला हा पट्टा महत्त्वाचा. १८६३ साली युद्धाच्या धामधुमीत येथे कौल घेतला गेला. कित्येक मतदार तेव्हा दक्षिणेच्या सैन्यात होते. निकाल पश्चिम व्हर्जिनियाच्या बाजूने जाहीर झाला. युद्ध संपताच व्हर्जिनियाने संमती मागे घेतली आणि सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १८७१ साली तीन न्यायाधीशांचे मत विरुद्ध असतानाही न्यायालयाने दावा फेटाळला. गव्हर्नरने कौल प्रमाणित केला आहे, आता त्याच्या मागे जाऊन मते मोजता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. जुन्या कर्जाच्या वाटणीचा वाद तर त्यापुढेही दोन पिढ्या चालला. शेवटचा हप्ता फिटला तो १९३९ साली.

हे वाचताना मला माझा जिल्हा आठवला, हे सांगायला नकोच. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसदेला राज्यांच्या सीमा बदलता येतात. राज्याचे मत विचारायचे, संमती लागत नाही. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, तो अशाच कायद्याने. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पण अमेरिकेचे कलम आपल्याकडे असते तर काय झाले असते? संमती कोणत्या राज्याने दिली असती? डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले होते की, राज्यांना फुटून जाण्याचा हक्क नाही, हे ठरवायला अमेरिकेला यादवी करावी लागली. आपण ते आधीच स्पष्ट केलेले बरे. यादवी टळली, हे त्या दूरदृष्टीचे यश आहे. मात्र सीमेवरच्या माणसाचा प्रश्न अमेरिकेच्या कलमाने सुटला नाही आणि आपल्याही कलमाने सुटला नाही. रेघ कोठेही ओढा, कुणीतरी नको त्या बाजूला राहतोच. म्हणून रेघ कोठे आहे याइतकेच रेघेच्या आत त्याला कसे वागविले जाते, हेही महत्त्वाचे ठरते.

एका शाळेची गोष्ट सांगतो. मी शाळामास्तर, मला तीच समजते. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक येथे १९५७ च्या सप्टेंबरात नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या हायस्कुलात प्रवेश मिळाला होता. राज्याच्या गव्हर्नरने, ऑर्व्हल फॉबसने, त्यांना अडविण्यासाठी राज्याचे सशस्त्र शिपाई उभे केले. एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची मुलगी. घरी टेलिफोन नसल्याने सगळ्यांनी मिळून जायचा निरोप तिला पोचला नाही. ती एकटीच आली आणि शिव्या देणाऱ्या जमावातून एकटीच चालत राहिली. शेवटी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर धाडले, तेव्हा मुले वर्गात गेली. पुढच्या वर्षी गव्हर्नरने काय करावे? शहरातली सरकारी हायस्कुलेच वर्षभर बंद ठेवली. कारण? राज्याचे हक्क!

मग केंद्र नेहमी तारणहार असते काय? तसेही नाही. १८५० चा तो कायदा केंद्राचाच. आणि १९४२ साली जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार माणसांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत कोंडले तेही केंद्रानेच. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. माफी मागायला १९८८ साल उजाडले. उलट बायकांना मताचा हक्क केंद्राने १९२० साली दिला. वायोमिंगने तो राज्य होण्यापूर्वीच, १८६९ साली, देऊन टाकला होता.

पुढच्या आठवड्यात मी दहावीचा तास मुद्दाम मागून घेतला. आधी कबूल केले की, त्या दिवशी मी एक वाक्य अर्धवट सांगितले. मुलांना याची फार गंमत वाटली. मग त्या मुलीला म्हटले, "बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. थोड्यांनाही हक्क असतो. तो पदरात पाडायला अमेरिकेला एक यादवी लागली, १८६८ ची चौदावी दुरुस्ती लागली, आणि त्यानंतरही नव्वद वर्षे गेली." नंतर फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले. कुणीही 'हा आमच्या राज्याचा हक्क' म्हणाले की विचारावे, काय करण्याचा हक्क? आणि कुणावर?

लिहून झाल्यावर लक्षात आले, हे प्रश्न परक्यालाच विचारायचे नाहीत. उद्या आमची बाजू वरचढ झाली, रेघ आम्हांला हवी तशी ओढली गेली, तर तिच्या आत राहणाऱ्या कानडी शेजाऱ्याच्या मुलाला त्याच्या भाषेची शाळा आम्ही सुखाने चालवू देऊ का? मुलांना मी हे मोठ्याने विचारले. क्षणभर वर्ग गप्प होता. मग तीच मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "द्यायलाच हवी, सर." बाकीच्यांनी माना हलविल्या, सगळ्यांनी नव्हे, पण बऱ्याच जणांनी.