अब्बांचा चाकू

२०२२ सालच्या बकरी ईदच्या आदल्या रात्री आम्ही कपाटाच्या वरच्या खणातून अब्बांचा घडीचा चाकू काढला आणि तो उघडेना. नख घालून पाहिले, फडक्यात धरून ओढले. शेवटी अम्मीने खिळीपाशी तेलाचे दोन थेंब सोडले, तेव्हा कुरकुरत पाते बाहेर आले. त्यावर तपकिरी ठिपके पडले होते. धार पाहायला टोमॅटोवर टेकवले, तर टोमॅटो कापला न जाता चेपला. अम्मी काही बोलली नाही. तिने चाकू परत आमच्या हातात दिला, एवढेच.

अब्बा २०१९ साली अल्लाहला प्यारे झाले. जबह करण्याची मोठी सुरी कसाई आणतो. अब्बांच्या चाकूचे काम नंतरचे. दोरी कापायची, चरबी सोडवायची, तीन हिस्से करताना लहान तुकडे करायचे. वर्षातून एक दिवस काम आणि तीनशे चौसष्ट दिवस आराम. अब्बा होते तोवर तो केव्हाही काढा, कागद सरसर कापत असे. आम्हाला वाटायचे, ही सगळी त्या पोलादाची करामत.

ते पोलाद चिंचवडचेच. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, बेअरिंग बनवणारी एसकेएफ असे एकेक भोंगे वाजू लागले. त्या भोंग्यांच्या ओढीने सोलापूरकडून आलेल्या हजारोंपैकी अब्बा एक. एका लहान कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची उमर गेली. तिथे लोखंडाचे गज कापणाऱ्या पॉवर हॅक्सॉचे पाते तुटले, की तुकडे भंगारात जात. त्यातला एक तुकडा अब्बांनी रीतसर गेटपास करून घरी आणला. दात घासून काढले, टोक काढले, पितळी पट्ट्यांची मूठ बसवली. खिळीसाठी भोक पाडायला साधा ड्रिल चालला नाही, कार्बाइडचा मागून आणावा लागला, हे ते दर ईदला पाहुण्यांना सांगत. "हायस्पीड आहे, हायस्पीड!" हे त्यांचे पालुपद होते.

आणि आता त्या हायस्पीडला जंग चढली होती. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. उर्दूत जंग दोन आहेत. जीमने लिहिली तर लढाई, जे अक्षराने लिहिली तर गंज. पहिलीचा उच्चार मराठी 'जय'मधल्या ज सारखा, दुसरीचा 'जवळ'मधल्या ज सारखा. मुले हमखास घोटाळा करतात आणि आम्ही हमखास लाल शाई चालवतो. दरवर्षी तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवून आम्ही वर्गाला दाखवतो, की गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. बी.एड.च्या सराव पाठाला हाच प्रयोग करून शाबासकी मिळवली होती. पण चिंचवडच्या चार पावसाळ्यांत तोच प्रयोग आमच्या कपाटात चालला होता आणि मास्तरांना पत्ता नव्हता.

ती ईद शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सुरीवर निभावली. मग ठरवले, नवा चाकू घ्यायचा, न वापरताही धार टिकेल अशा पोलादाचा. पिंपरी कॅम्पात फिरलो. प्रत्येक पात्यावर 'स्टेनलेस' छापलेले. कोणते स्टेनलेस, विचारले की दुकानदार म्हणायचा, "इम्पोर्टेड आहे." एक घेतला. त्याला जंग लागली नाही, पण आठ दिवसांत धार मात्र गेली.

तेव्हा अब्बांच्या शॉपमधले एक निवृत्त ग्राइंडर आठवले. जातीने शिकलगार. सातारा-सांगलीकडे आपल्यात हे आडनाव घरोघरी आहे, पण सैकल म्हणजे घासून चकाकी आणणे आणि सैकलगर म्हणजे ते करणारा, हे किती जणांना ठाऊक असेल? तलवारी गेल्या, सुऱ्या-कात्र्या राहिल्या, मग मुले कारखान्यांत ग्राइंडरवर उभी राहिली. काम बदलले म्हणावे तर तेच राहिले.

चाचांनी अब्बांचा चाकू ओळखला. उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, हा कामाने बोथट झालेला नाही. बसून झालाय."

मग त्यांनी जे समजावले ते आम्हाला कोणत्याही पुस्तकात इतके सोपे मिळाले नव्हते. धार दोन तऱ्हांनी जाते. कापता कापता झिजते, वाकते, तुटते, ही एक तऱ्हा. नुसते पडून गंजते, ही दुसरी. चांगल्या धारेचे टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके बारीक असते. पात्यावर डाग दिसण्याआधीच गंज ते टोक खाऊन टाकतो. रोज वापरायच्या चाकूला झीज सोसणारे पोलाद हवे. वर्षातून एकदा निघणाऱ्याला गंज सोसणारे हवे. लोक पहिल्याचे गुण बघून दुसरा विकत घेतात, आणि फसतात.

"मग हायस्पीड?"

"तापले तरी नरम पडत नाही, म्हणून मशीनवर राजा. पण त्यात क्रोमियम चार टक्क्यांच्या आसपास. जंग रोखायला तेवढे पुरत नाही."

आम्ही डायमध्ये वापरतात त्या डी-२ चे नाव काढले. त्यात बारा टक्के क्रोमियम असते, असे वाचले होते. चाचा हसले. त्यात कार्बनही दीड टक्का असतो. तो बरेचसे क्रोमियम आपल्याकडे ओढून घट्ट कण बनवतो. त्या कणांनी पाते झीज सोसते, पण जे क्रोमियम कार्बनशी बांधले गेले ते गंजाशी लढायला मोकळे राहत नाही. कमानपाट्याचे पोलाद लवचिक, धार चटकन घेते, पण ओल्या फडक्यातही गंजते. बाजारातल्या स्वस्त स्टेनलेसमध्ये उलटे. क्रोमियम भरपूर, कार्बन इतका कमी की ते पुरेसे कडक होतच नाही. दोन्ही साधायचे तर ४४०-सी सारखे घ्यावे. कार्बन एक टक्का, क्रोमियम सतरा टक्के. न गंजणाऱ्या बेअरिंगलाही तेच वापरतात. पण चाचांनी बोट उगारले. "नाव काहीही असो, भट्टीत पाणी नीट दिलेले नसेल तर सगळे फुकट."

पाणी देणे! तापवलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करण्याला मराठी कारागीर पाणी देणे म्हणतो. फारसीत पाणी म्हणजे आब, पात्याची चमक तीही आब. मराठी माणूस आब राखतो तो हाच. आणि पोलाद हा शब्दही फारसीतला. उर्दूत आम्ही त्याला फौलाद म्हणतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने तलवारींच्या पोलादावर स्वतंत्र रिसाला लिहिला होता. तेलंगणातल्या कोनासमुद्रमचे पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येत. एवढी जुनी ही जानपछान. शाळेत उर्दू आणि घराबाहेर मराठी बोलणाऱ्या आम्हाला त्या पत्र्याच्या शेडमध्ये उगाच भरून आले.

चाचांनी चाकूचे कातडी म्यान हातात घेतले आणि कपाळाला हात लावला. "यात ठेवत होता? कातडे ओल धरते. तुमचे अब्बा यात कधी ठेवत नसत." दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी शॉपमध्येच ते चाकू उघडून पुसत. घडीच्या खाचेत अडकलेला कण काडीने काढत आणि खिळीवर तेल सोडत. म्यान फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरते. म्हणजे करामत पोलादाची नव्हती. आम्ही त्यांच्या घरात तीस वर्षे राहिलो आणि ही गोष्ट आम्हाला परक्याकडून कळली.

चाचांनी पाते घासले. ठिपक्यांच्या खाली खड्डे होते, त्यामुळे धारेकडून चांगले अर्धा मिलिमीटर पोलाद गेले. ठिणग्या उडत होत्या. अब्बांच्या हातचे तेवढे काम आमच्या गाफीलपणात गेले, हे बघत आम्ही उभे राहिलो.

परतताना पीएमपीएमएलच्या बसमध्ये आणखी एक गोष्ट समजली. पिशवीत साडेतीन इंचांचे पाते, भाजीच्या सुरीहून लहान. तरीही पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. कुणी तपासली, आणि मग ओळखपत्रावरचे नाव वाचले, तर? सिनेमाने रामपुरी चाकू आणि आपली नावे इतक्यांदा एकत्र दाखवली आहेत, की आपल्याच बापाचा चाकू नेताना घाम फुटतो. अब्बा तो नेहमी जेवणाच्या डब्यात, कांद्याशेजारी ठेवून नेत. लहानपणी आम्हाला त्याचे हसू येई.

नवा चाकू आम्ही घेतलाच. ४४०-सीचा, महाग. तो कोरडा करून, मेडिकलमधून आणलेल्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवून कागदात गुंडाळला आणि वरच्या खणात ठेवला. जबह करणाऱ्याने हत्यार आधी तेज करावे, जनावराला तकलीफ देऊ नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. आमचा चाकू जबहचा नसला, तरी ईदच्या दिवशी घरात बोथट पाते नसावे असे वाटते. आम्ही विसराळू आहोत, हे आता कबूल आहे. विसराळू माणसाने विसरणे माफ करणारे पोलाद घ्यावे.

अब्बांचा चाकू मात्र खणात परत गेला नाही. तो स्वयंपाकघरात खिडकीशी असतो. रोज रात्री अम्मी त्याने पेरू नाही तर सफरचंद कापते, पुसते, आणि आमची धाकटी तो मिटायला टपलेली असते. महिन्याच्या पगाराच्या दिवशी तेल आम्ही सोडतो. तसे रोज पुसणाऱ्या चाकूला त्याची फारशी गरज उरलेली नाही.