आवाज आलेत, नावं तेवढी राहिलीत

प्रिय आत्या,

त्या रात्री फोनवर तू विचारलंस, "डिस्क लावली की फॉरमॅट करा म्हणतंय, करू का?" आणि मी ओरडलोच. त्याबद्दल आधी माफी मागतो. भोर, वेल्हे, मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर अकरा वर्षं पायपीट करून तू जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, आणि त्या पुसायला एक बटण पुरणार होतं. पोटात गोळा आला माझ्या.

तू ते बटण दाबलं नाहीस, वायर काढलीस आणि डिस्क जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्याकडे पाठवलीस. निम्मं काम तिथेच झालं. शेजारच्यांचा फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही तू ऐकला नाहीस, हे फार बरं झालं. गारठलेली डिस्क बाहेरच्या हवेत आली की दव धरतं. आत तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि अक्षरं वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगतं. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतर ते. तिथे ओलावा गेला तर काय उरणार?

लुगडं सोडल्यावर मी आधी फक्त कान लावला. टकटक ऐकू आली असती तर बहुधा हेडच गेलं असतं. मग मी वीज लगेच तोडली असती आणि डिस्क थेट धूळविरहित खोलीत उघडणाऱ्यांकडे नेली असती, खर्च कितीही येवो. पण ती एकसारखी घुमत होती. केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावली, तरी रडगाणं तेच. मग बाहेरची प्लॅस्टिकची पेटी उघडली. आत लॅपटॉपमध्ये असते तसलीच डिस्क आणि तिला यूएसबीशी जोडणारं एक छोटं कार्ड. पुष्कळदा बिघडतं ते हे कार्डच, डिस्क धडधाकट असते. काही बनावटींत मात्र हेच कार्ड माहितीला कुलूप घालतं. ते काढून टाकलं तर तबकडीवरचं एक अक्षर लागत नाही. तुझं कार्ड साधं निघालं, म्हणून डिस्क थेट संगणकाला जोडता आली. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. तीत वाचता न येणाऱ्या शेकडो जागा दिसल्या. म्हणजे दुखणं डिस्कचंच होतं.

अशा आजारी डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवू नये, हे मला तुला नीट सांगायचंय. तो दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावरच लिहीत सुटतो, आणि वाचलं असतं तेही जातं. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, मग जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याची रीत मला माणसासारखी वाटते. जे सहज वाचता येतं ते तो आधी उचलतो, अडेल तिथे हट्ट न धरता पुढे जातो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परततो. जवळजवळ सगळी डिस्क पहिल्या रात्रीत उतरली. उरलेल्या चिमूटभरासाठी चार दिवस लागले. मधेमधे मी डिस्क थंड होऊ द्यायचो आणि टिपण होतं म्हणून पुन्हा तिथूनच सुरू करायचो. रात्री उठून किती उतरलं त्याचा आकडा बघायचो आणि मनात यायचं, १९५६ साली आयबीएमने जगातली पहिली हार्डडिस्क काढली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि मावत होती ५० लाख अक्षरं. तुझ्या रेकॉर्डरवरचं जेमतेम अर्धं मिनिट. तुझे तर शेकडो तास आहेत.

तरी एक नुकसान झालंच. कुठल्या नावाची फाइल कुठे आहे, हे सांगणारी यादीच नेमकी खराब जागेवर होती. म्हणून फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमने नकलेतून आवाजाच्या फाइली त्यांच्या ठेवणीवरून ओळखून काढल्या. काही मधेच तुटल्यात. बाकीच्या शाबूत आहेत, पण प्रत्येकीचं नाव म्हणजे इंग्रजी एफ आणि मागे आकड्यांची रांग. तू प्रत्येक फाइलीला बाईचं आणि गावाचं नाव दिलं होतंस. ते गेलं. ते आकडे डिस्कवरच्या जागेचे आहेत, तेव्हा लागोपाठच्या फाइली बहुधा एकाच फेरीतल्या असाव्यात. एवढाच धागा माझ्या हाती आहे.

काल एक लावली. जात्याची घरघर, मधेच कोंबडा आरवतो, आणि एक म्हातारी दळता दळता थांबून तुला विचारते, "तुझं माहेर कुठलं गं?" तू हसतेस. ती कोण, मला कळलं नाही. तुला पहिल्या हुंकारालाच कळेल.

नकलेच्या आता दोन प्रती केल्यात. एक माझ्याकडे राहील, दुसरी तुझ्याकडे आणतो. रविवारी सकाळच्या एसटीने येतोय. ती तुझी निळी वही, गावांच्या तारखा लिहिलेली, माळ्यावरून काढून ठेव. तू ऐक आणि नाव सांग, मी लिहीत जातो. पहिली ती कोंबड्याची लावू.

तुझा,
भाचा