मुलीसह हुपरीस

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे काशी-रामेश्वर, नाही तर निदान महाबळेश्वर तरी हवे, अशी आपल्या वाचकभगिनींची अपेक्षा असते. हुपरीचे प्रवासवर्णन आपल्या हातून लिहिले जाईल, असे मलाही कधी वाटले नव्हते. परंतु अडीच वर्षांचे मूल कडेवर असले म्हणजे पुण्याहून हुपरीस जाणे हीदेखील एक यात्राच होते, हे ज्यांच्या पदरी असे मूल आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातले गाव. चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी, त्याचे नाव दूरवर पोहोचलेले आहे. माझ्या सासरचे मूळ घर तेथले. आम्ही नोकरीपायी पुण्यास; चुलत दीर, जाऊबाई, त्यांची मुले आणि ज्यांच्या भोवती ते सारे घर फिरते त्या माझ्या आजेसासूबाई तिकडे. आणि लिहावयास संकोच वाटतो, पण त्या आजींच्या दृष्टीस आमची मुलगी एकदाही पडलेली नव्हती.

2023 साली ती झाली तेव्हा 'बारसे हुपरीसच व्हावे, माळ्यावरचा पाळणा काढून पुसून ठेविला आहे,' असा आजींचा निरोप आला होता. दिवस पावसाळ्याचे. 2019 आणि 2021 या दोन्ही साली पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हमरस्त्यावर पाणी आले होते व वाहतूक बंद पडली होती, हे आम्हां सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. बाळंतीण व तान्हे मूल अशा वाटेला नको, असे ठरून बारसे पुण्यातच उरकले. ते योग्यच झाले, असे मी आजही म्हणेन. परंतु त्यानंतर हिवाळ्यात खोकल्याची, उन्हाळ्यात उन्हाची व पावसाळ्यात पुन्हा पुराची, अशा ज्या सबबी मी सांगत गेले त्या योग्य होत्या असे काही मला म्हणवत नाही. आजींनी तक्रार केली नाही. फक्त त्या फोनवर येईनाशा झाल्या. आणि 2025 च्या दिवाळीनंतर जाऊबाईंचा फोन आला: "वहिनी, आजींना आता माणूस दिसत नाही, नुसती सावली दिसते. यायचं तर आता या."

मार्गशीर्षात निघालो. मोटारीने लवकर पोहोचलो असतो. पण मुलीला मोटार सोसत नाही, म्हणून दिवसाच्या कोयना एक्स्प्रेसने गेलो. शिंदवण्याच्या घाटातले बोगदे आले तशी ती माझ्या पदरात शिरली. जेजुरीचा गड दिसला तेव्हा बाहेर आली. नीरा, लोणंद, वाठार, साताऱ्यापर्यंत तिने डब्यातल्या सर्वांशी ओळखी करून घेतल्या. कऱ्हाडनंतर मात्र जे भोकाड पसरले ते ताकारीपर्यंत आवरेना. किर्लोस्करवाडीवरून जाताना, 1920 साली येथून निघालेल्या मासिकाचे अंक आमच्या हुपरीच्या घरी बांधून ठेवलेले आहेत, असे हे मला कौतुकाने सांगू लागले. मी त्या वेळी एका हाताने सांडलेला दहीभात पुसत होते. माझ्याकडून जी दाद मिळाली ती त्यांनी मनावर घेतली नाही, हे त्यांचे औदार्य. मिरजेस गाडी थांबली व पुन्हा चालू लागली. ते पाहून मुलगी रडे विसरली. "घरी चाललो," असे तिने जाहीर केले. तिच्या मते पुणेच पुन्हा येणार होते.

मिरज-कोल्हापूर हा फाटा 1891 साली सुरू झाला. आजी याच वाटेने नववधू म्हणून आल्या व हातकणंगल्यास उतरून बैलगाडीने हुपरीस गेल्या. आम्ही तेथेच उतरलो, तो दिवेलागण झाली होती. दीर गाडी घेऊन आले होते. वाटेत उसाने भरलेल्या गाड्यांची रांग. पंचगंगा ओलांडली तेव्हा मुलगी गाढ झोपली होती.

जिची भीती होती तेच झाले. ओसरीवर दिव्याच्या उजेडात आजी बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केले, आणि अर्धवट झोपेतून उठलेल्या आमच्या कन्येने किंकाळी फोडून माझ्या खांद्यावर डोके दडविले. "दमलंय लेकरू. निजव जा," एवढेच आजी म्हणाल्या. ती रात्र मला जड गेली. मुलाला माणसांची सवय लावावी लागते, आणि ती मी लावलेली नव्हती.

सकाळी जाग आली ती टकटक आवाजाने. हुपरीत चांदीचे काम एका छपराखाली होत नाही. चांदी आटविणारा एक, तार ओढणारा दुसरा, घुंगरू करणारा तिसरा, उजाळा देणारा आणखी कोणी. आणि कड्या जोडण्याचे काम घरोघरी बायका स्वयंपाक आटोपून करीत बसतात. एक पैंजण असा पाचसहा उंबरे ओलांडून तयार होतो. आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात एक कारागीर कित्येक वर्षे बिऱ्हाडाने आहेत. 2025 साली चांदी किलोस लाखाच्या वर गेली, आणि भाव चढला की गिऱ्हाईक थबकते, असे त्यांचे म्हणणे पडले.

आजींनी मला आत बोलाविले व ट्रंकेतून एक पुरचुंडी काढावयास लाविली. आत बारशासाठी केलेले वाळे होते. मी ते हातात घेतले. त्यांत आता मुलीची जेमतेम दोन बोटे शिरली असती. मला काय बोलावे सुचेना.

"मोडून टाक," आजी म्हणाल्या. "पण ह्याच चांदीचे पैंजण करायचे. दुसरी मिसळायची नाही. घुंगरं भरपूर लावायची."

येथे मी धीर करून आडवी आले. घुंगरू सुटले व मुलीने तोंडात घातले तर घशात अडकेल, अशी धास्ती मला डॉक्टरांनी घातलेली. मी तसे म्हणताच जाऊबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तू आई आहेस. पण मला ती दिसत नाही गं. वाजलं तर कळेल कुठं आहे ते."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. कारागिरांनीच तोड काढिली. प्रत्येक पायाला तीनच घुंगरे, कडी पक्की झाळून; निजताना पैंजण काढून ठेवावयाचे. तिसऱ्या दिवशी जोड तयार होऊन आला, तेव्हा त्यांनी प्रत्येक घुंगरू चिमट्यात धरून माझ्यादेखत ओढून दाखविले. मग मीही ओढून पाहिले. त्यांना त्याचा राग आला नाही.

तोपर्यंत मुलीची भीडही चेपली होती. आजींकडे ती कोणी नेल्याने गेली नाही. काकवी-भाकरीच्या मागे गेली. पैंजण मात्र आजींनीच चाचपडत घातले, आणि त्यानंतरचे दोन दिवस त्या घरात मुलीवर नजर ठेवण्याचे काम, ज्यांना दिसत नव्हते त्यांनीच केले. मी स्वयंपाकघरात असले की ओसरीवरून हाक येई: "सूनबाई, न्हाणीकडे गेली बघ. तिथं घसरतं." मी धावत जाई, तो खरोखरच ती बंबाजवळ उभी असे.

निघताना आम्ही गावच्या अंबाबाईचे दर्शन घेतले. आजी दारापर्यंत आल्या. पुन्हा कधी येणार, हे त्यांनी विचारले नाही. मीच चैत्रातली तारीख सांगितली, आणि ती दीरांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर माझ्यासमोर लिहून ठेविली.

पुण्यास पोहोचल्याच्या रात्री फोन वाजला. जाऊबाई म्हणाल्या, "आजींना बोलायचंय."

"पायात आहेत का अजून?" आजींनी विचारले. निजावयाची वेळ झाली होती व पैंजण काढून ठेविले होते. मी ते पुन्हा घातले, फोन जमिनीवर ठेविला आणि मुलीला म्हटले, "चाल."